बोरदऱ्याची सर्वात उंच जागा

पूर कुठं येणार हे नाल्याच्या आधी मला कळतं! निदान बैठकीत मी तसं छातीठोक सांगून आलो होतो. उपग्रहानं मोजलेली जमिनीची उंची कॉम्प्युटरमध्ये घालायची, वरून पाऊस सोडायचा, आणि पाणी कुठं साचतं ते खुर्चीत बसून बघायचं. मुकुटबनच्या पुढचं बोरदरा गाव मी असं तीनदा बुडवलं. तिन्ही वेळा नाल्याकडची एक टेकडी सर्वात उंच आणि कोरडी राहिली. तिला हिरवा रंग दिला आणि लिहिलं : पुरात गावानं इथं जमायचं.

नकाशावर सही होण्याआधी रंगीत तालीम हवी होती. मे महिन्यातल्या एका सकाळी मी भोंगा घेऊन बोरदऱ्यात हजर!

"कोणी प्रश्न विचारायचा नाही! पुरात तेवढा वेळ नसतो. मुकाट्यानं माझ्यामागं यायचं!"

"पण साहेब, तिकडं त..." कोतवाल बळीराम पुढं आला.

"बळीराम! प्रश्न?"

"नाही साहेब."

गाव निघालं. शेळ्या निघाल्या, कोंबड्या निघाल्या. रुखमाबाईनं तर पिठाचा डबाच कडेवर घेतला! तिची सासू मैनाबाई, वय पंचाहत्तर, गुडघे गेलेले. त्यांना चौघांनी खाटेसकट उचललं.

"हळू चाला रे," वरून आवाज आला, "मले पोचाची घाई नाही!"

सगळे हसले. मीही हसलो.

रस्ता उताराला लागला. टेकडीआधी थोडा उतार असतोच, मी स्वतःला सांगितलं. मोबाईलवरचा ठिपका हिरव्या रंगाकडे सरकत होता. मग गोटे लागले. मग चिखल. ठिपका हिरव्याच्या मधोमध थांबला, तेव्हा अख्खं गाव नाल्याच्या तळाशी उभं होतं! भोवती पन्नास-पन्नास फुटांची अर्जुनाची झाडं, एकमेकांना खेटून. उपग्रहानं वरून शेंडे पाहिले आणि त्यांनाच जमीन धरलं. मीही धरलं.

"बळीराम, सांगितलं काहून नाही?" घाबरलो की मी वऱ्हाडीत बोलतो.

"तुमीच म्हणलं इचारू नका. आमाले वाटलं, इथं हेलिकॉप्टर येत असन!"

"आता झाडावर चढाचं काय साहेब?" रुखमाबाई म्हणाली.

हशा पिकला. मी खाटेकडे वळून पाहिलं, तर मैनाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

"मावशी, काय झालं?"

"याच जाग्यावरून माह्या घरच्याले पाण्यानं नेलं, बापू. बैल सोडाले आलते. तवापासून मी इकडं आली नाही. आज तू मले उचलून आणलं."

कोणी हसलं नाही. भोंगा कुठं लपवावा मला कळेना. मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"तेव्हा गाव कुठं गेलं होतं, मावशी?" पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न मी आज विचारला.

त्यांनी काठीनं गावाच्या शेतांमागचं बोडकं टेपाड दाखवलं. माझ्या नकाशात ते या झाडांपेक्षा ठेंगणं होतं, म्हणून मी सोडून दिलं होतं! गाव तिकडे वळलं. चढावर एक जण दमला आणि खाटेचा चौथा कोपरा माझ्या खांद्यावर आला.

वर पोचल्यावर मैनाबाईंनी नाल्याकडे बोट केलं. "आता तिथं काय लिवशील?"

"धोका."

"धोका त लायटीच्या खांबावरबी लिवला हाये. लोकं त्याले बकऱ्या बांधतेत." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मारोतराव लिव. मंग कोनी जानार नाही."

रुखमाबाईच्या हातातला डबा खाली पडला. "माय वं! आजवर सासऱ्याचं नाव बुढीच्या तोंडून आयकलं नव्हतं!"

मी तिथंच बसून लिहिलं. झाडं पुसली, नाला निळा केला, टेपाड हिरवं केलं. बैठकीत माझ्या साहेबांनी निळ्यावर बोट ठेवलं. "हे मारोतराव कुठल्या डेटात सापडले?"

"खाटेवर बसलेल्या डेटात, सर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी सगळी हकीकत सांगितली, तेव्हा कुठं त्यांनी सही केली.

पुढच्या तालमीला भोंगा मैनाबाईंच्या हातात होता.

"ज्याले जे इचाराचं ते इचारा रे!" त्या गरजल्या. मग खाटेवरून खाली वाकून, कोपरा खांद्यावर घेतलेल्या माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुमी फक्त उचला!"