कप्तानांचा परदेशी रेडिओ

“परदेशातून रेडिओ आणणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!” विमानात बसताना कप्तान बायकोला म्हणाले होते, आणि खरंच घेऊन आले की! दोघं गेली होती लेकीकडे, नातू बघायला. नातू कप्तानांनी जेमतेम पाहिला, बाकी सगळा वेळ तिथल्या धक्क्यावरच्या दुकानात. एका शिडाच्या बोटीवरून नुकताच उतरवलेला, जवळजवळ नवा रेडिओ तिथे सापडला. दुकानदार हातवारे करकरून काहीतरी समजावत होता. कप्तानांना त्याचं बोलणं ओ की ठो कळेना, पण कबूल करतील तर ते कप्तान कसले! त्यांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि रेडिओ काखोटीला मारला.

तसे ते काही खरे कप्तान नव्हते. प्रवाशांना पलीकडच्या किनाऱ्यावर सोडणारी एक छोटी बोट होती, आणि रुबाबदार टोपी होती. पण बंदराच्या साहेबांनी यंदा बजावलं होतं, “चालता रेडिओ दाखवा, तरच परवाना. नाहीतर बोट बांधून ठेवा!” बोट बांधली की घरची चूल बंद, इतका साधा हिशेब होता.

तपासणीच्या दिवशी सकाळीच कप्तानांनी बोटीत रेडिओ बसवला.

“अहो, या लाल झाकणाखाली काय आहे?” बायकोने विचारलं.

“झाकण लावलंय म्हणजे आत भारीच काहीतरी असणार!” कप्तानांनी झाकण उघडलं आणि आतलं बटण चांगलं दाबून धरलं. रेडिओ कोकलायला लागला.

“का ओरडतोय हो?”

“अगं, नव्या घरी आलाय. ओळख करून देतोय!”

एवढ्यात रेडिओतून साहेबांचा आवाज आला, “सगळ्या बोटींनी ऐका! एक परदेशी शिडाची बोट बुडतेय! आपल्या धक्क्याजवळच! कोण आहे तिथे?”

कप्तानांच्या अंगात वीज संचारली. “मी आहे, साहेब! निघालोच!” टोपी सावरत ते बायकोला म्हणाले, “चल बस! आज माणसंही वाचणार आणि परवानाही आपल्या पायांनी घरी येणार!”

बोट सुसाट सुटली. धक्क्याबाहेर मात्र चिटपाखरू नव्हतं.

“साहेब, इथे कुणीच नाही!”

“माझ्या पडद्यावर दिसतेय ना! ती दीपस्तंभाकडे वाहत चाललीय!”

कप्तान दीपस्तंभापाशी पोचले. तिथे नुसत्या लाटा.

“तुमच्या अगदी जवळ आहे हो!” साहेब ओरडले. “नीट बघा!”

बायकोने वाकून “ओऽऽऽ!” अशी हाक मारली. कप्तानांनी बोट गर्रकन वळवली.

“तीही वळली! तुमच्याबरोबरच येतेय!”

“बुडणारी बोट इतकी पळते कशी?” बायकोने विचारलं.

“घाबरलीय बिचारी!” कप्तान म्हणाले आणि त्यांनी वेग आणखी वाढवला.

शेवटी साहेबांचा आवाज कापरा झाला. “कप्तान... ती बरोब्बर तुमच्या खाली आहे.”

कप्तानांनी इंजिन बंद केलं. दोघांनी खाली पाण्यात पाहिलं. बायकोने पदर डोळ्यांना लावला. कप्तानांनी टोपी काढली आणि तेही मुसमुसून रडायला लागले. आपल्याला उशीर झाला, याचं त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

तेवढ्यात साहेबांची बोट येऊन थडकली. साहेबांची नजर रेडिओवर गेली.

“हे लाल झाकण कुणी उघडलं?”

कप्तानांनी घाईघाईने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

“अहो, हे बटण दाबलं की ‘आम्ही बुडतोय, इथे आहोत’ असं रेडिओ आपोआप सांगत सुटतो! आणि याच्या पोटात नंबर आहे जुन्या बोटीचा! तो कंपनीकडून बदलून घ्यायचा असतो. दुकानदार काही बोलला नाही?”

“खूप बोलला,” बायको म्हणाली. “हे मान डोलवत होते.”

म्हणजे मघापासून कप्तान स्वतःलाच शोधत होते! आता नियम म्हणजे नियम. बुडतोय म्हणणाऱ्या बोटीला दोर बांधून आणावंच लागतं. अख्खा धक्का गोळा झाला होता आणि कप्तान टोपीत तोंड लपवून बसले होते.

उतरल्यावर त्यांनी कसाबसा धीर केला. “साहेब, पण रेडिओ चालतो हे तर पटलं ना?”

“पटलं की! मैलभर ऐकू आला. माझ्याकडून बोट पास!”

कप्तानांनी आनंदाने बायकोचा हातच धरला.

“फक्त,” साहेब म्हणाले, “पास झालीय ती परदेशातली शिडाची बोट. तुमची बांधून ठेवा!”