सासऱ्यांचे बूट आणि आमचा कॅमेरा

घराबाहेर एक कॅमेरा लावायचा, एवढंच ठरवलं होतं मी. त्यात माझं काय चुकलं, हे मला अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. (हसतात सगळे. समजावत कोणी नाही.)

मूळ कारण म्हणजे सासऱ्यांचे बूट. मागे ते आमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा दारातल्या पायरीवरून त्यांचे नवेकोरे काळे बूट कोणीतरी उचलून नेले. सासरे जन्मभर कारखान्यात फोरमन होते. वस्तू हरवली, हे वाक्यच त्यांना मान्य नाही. वस्तू हरवत नसते, माणूस गाफील असतो, असं त्यांचं मत. तेव्हा त्यांनी सरळ बॅग उचलली. माझ्या चपला पायात अडकवल्या आणि टाचा मागे लोंबवत स्टेशनवर गेले, ते पुन्हा आलेच नाहीत. फोनवर बायकोने "बाबा, कधी येताय?" विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "तुमच्याकडे यायचं तर घरूनच अनवाणी निघालेलं बरं." ती हसून फोन ठेवायची आणि मग स्वच्छ असलेला ओटा बराच वेळ पुसत राहायची.

आणि एक दिवस ते आपणहून म्हणाले, येतो. बायकोला काय करू नि काय नको असं झालं. पडदे धुतले, उशा उन्हात टाकल्या, सासऱ्यांना आवडते ती खुर्ची खिडकीशी नेऊन ठेवली. मला मात्र बाजूला घेऊन एकच सांगितलं.

"अहो, ह्या वेळी त्यांचे बूट गेले ना, तर ते परत यायचे नाहीत. वय बघा त्यांचं. मला बाकी काही नको, बूट तेवढे सांभाळा."

आता मी विमा कंपनीत, दावे विभागात. म्हणजे दुसऱ्यांच्या घरच्या चोऱ्या दिवसभर माझ्या टेबलावर येऊन पडतात. लोक सायकली नेतात, नळ नेतात, एकाने तर दारावरची नावाची पाटी नेली होती (ती लावून तो कोण होणार होता, देव जाणे). त्यामुळे बायको हे बोलली आणि त्या सगळ्या चोऱ्या माझ्या डोळ्यांसमोरून रांगेने गेल्या. मी उसनं अवसान आणून म्हणालो, "त्यात काय, कॅमेरा लावू."

दुकानात जाईपर्यंत मला वाटत होतं, कॅमेरा म्हणजे कॅमेरा. दुकानदाराने काउंटरवर ओळीने मांडले तेव्हा मला घाम फुटला. एक वायरचा, एक बॅटरीचा, एक मान फिरवणारा, एक दिवा लावणारा आणि एक चक्क बोलणारा.

"वायरचा घ्या," तो म्हणाला. "कधी बंद पडायचा नाही."

"चोराने वायर कापली तर?"

"मग बॅटरीचा घ्या."

"बॅटरी संपली तर?"

"काढून आत न्यायचा, चार्ज करायचा, परत लावायचा."

"आणि तो आत असताना चोर आला तर?"

दुकानदाराने चष्मा काढून पुसला. "साहेब, राग मानू नका, पण तुमच्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?"

"सासऱ्यांचे बूट."

त्याने चष्मा परत लावला, माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि मुकाट्याने बोलणारा कॅमेरा पुढे सरकवला. वायरचाही, बॅटरीवरही चालणारा. पावसात भिजला तरी चालेल, अंधारात दिसेल, कोणी हललं की फोनवर टिंग वाजेल, आणि फोनमधून आपण बोललो तर आवाज थेट दारात ऐकू जाईल. मी तो घेतला. बाहेर पडल्यावर परत आत जाऊन विचारलं, "फोनच चोरीला गेला तर?" पण तोवर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या आड लपला होता.

बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसलो आणि मला नवीनच धसका बसला. चोराने बूट ठेवले आणि कॅमेराच नेला तर? मागे आमच्याकडे एक दावा आला होता, त्यात चोराने घरातल्या कशालाही हात लावला नव्हता, फक्त कॅमेरा नेला होता. आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. आता हसू येईना.

म्हणून इलेक्ट्रिशियनने शिडी लावून विचारलं, "कुठे ठोकू?" तेव्हा मी म्हणालो, "हात पोचणार नाही तिथे."

"कोणाचा?"

"कोणाचाच."

तो चढला. मी म्हटलं, आणखी वर. तो आणखी चढला. दार राहिलं खाली, वरच्या मजल्याची खिडकी राहिली खाली, पार छपराच्या कडेला पोचला तरी माझं समाधान होईना. "अजून जरा वर," मी खालून ओरडलो.

"वर आता आभाळ आहे, साहेब," तो म्हणाला, आणि त्याने तिथेच स्क्रू पिळले.

फोनवर चित्र उमटलं. आमची पायरी, आमचं फाटक, आणि मधोमध एक काळाभोर गोळा. तो गोळा म्हणजे आमची बायको, असं ती बोलल्यावर कळलं.

"अहो, हे काय? नुसतं डोकंच दिसतंय."

"डोक्याखाली माणूस असतोच," मी म्हणालो. "कॅमेरा शाबूत राहणं महत्त्वाचं."

त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. पान पडलं, टिंग. मांजर गेलं, टिंग. दोरीवरची चादर हलली, टिंग टिंग. ऑफिसात एखादी बाई आपल्या चोरीला गेलेल्या साखळीबद्दल डोळ्यांत पाणी आणून सांगत असायची आणि मी टेबलाखाली फोन बघत असायचो. पण एक झालं, गल्लीतल्या माणसांना मी डोक्यांवरून ओळखायला लागलो. पेपरवाल्याचा भांग, पोस्टमनची टोपी, शेजारच्या काकूंचा अंबाडा, कोपऱ्यावरच्या शिंप्याला मधोमध पडलेला भोवरा. चेहरा बघून मला लोक आठवेनासे झाले. शिंपी रस्त्यात भेटला तर तो वाकेपर्यंत मी ओळख देत नसे.

सासरे आले. पायरीवर बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि बूट हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. पुन्हा काळेच, पुन्हा नवेकोरे, चकचकीत.

"कुठे ठेवू?"

दारात उभ्या असलेल्या बायकोने श्वास रोखलेला मला स्पष्ट ऐकू आला.

"इथेच ठेवा, बाबा. अगदी निर्धास्त," मी वर बोट दाखवलं. सासऱ्यांनी मान मागे टाकून, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ शोधलं. शेवटी त्यांना कॅमेरा दिसला असावा, कारण त्यांनी बूट पायरीवर जोडीने ठेवले आणि ते आत गेले. बायकोने माझ्याकडे असं काही पाहिलं, की लग्नात तरी पाहिलं होतं का, शंका आहे. (माझे स्वतःचे बूट मी आधीच आत कपाटात, चादरींच्या मागे ठेवून दिले होते. विश्वास आपल्या जागी आणि बूट आपल्या जागी.)

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली होती, पायरीवर लक्ष ठेवायला. पण सकाळीच साहेबांचा फोन आला. कुठली तरी फाइल कुणालाच सापडत नव्हती, तासाभरासाठी या म्हणाले. मी "हो सर, निघालोच सर" म्हणत, फोन कानाला लावून, मान खाली घालून घराबाहेर पडलो आणि तसाच सुटलो.

ऑफिसात पोचलो तर पायांत काहीतरी वेगळंच वाटत होतं. चालताना बूट मागे राहत होते. काळजीने माणूस खंगतो हे ऐकलं होतं, पण सुरुवात पावलांपासून होते, हे माहीत नव्हतं. फाइल शोधून देतो न देतो तोच बायकोचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"अहो, बाबांचे बूट नाहीत."

मी फोनवर सकाळचं चित्रण काढलं, आणि दिसला. चोर दिसला. काय निर्ढावलेला माणूस होता. दिवसाढवळ्या आमच्याच पायरीवर बसला, सासऱ्यांचे बूट पायांत घातले, एका हाताने नाड्या कशाबशा बांधल्या आणि फाटक लावून गेला. चेहरा अर्थात दिसत नव्हता, पण डोक्यावर मागच्या बाजूला बशीएवढं टक्कल होतं. असलं डोकं आमच्या गल्लीत कोणाचंच नव्हतं. मी तातडीने ते चित्रण गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "ह्या टकल्यापासून सावध राहा. दिसल्यास धरून ठेवा."

शेजारच्या टेबलावरच्या मोठ्या बाईंनाही दाखवलं. त्यांनी चित्रण पाहिलं, मग उठल्या, माझ्या खुर्चीच्या मागे जाऊन क्षणभर उभ्या राहिल्या, आणि अगदी मायेने म्हणाल्या, "तुम्ही घरी जा." मला वाटलं, सहानुभूती.

मी पळत सुटलो. एक बूट रस्त्यात मागेच राहिला, तो परत जाऊन घातला आणि पुन्हा पळालो. ग्रुपवर काकूंनी हसणारा चेहरा टाकला होता, पाठोपाठ शिंप्यानेही. दुसऱ्याच्या संकटाचं लोकांना काही राहिलेलं नाही, असं मनात आलं. डोळ्यांसमोर मात्र सारखी बायकोच येत होती, स्वच्छ ओटा पुसत बसलेली.

घरी पोचलो तर सासरे पायरीवर बसलेले, अनवाणी. शेजारी त्यांची बॅग. मागे दारात बायको तोंडावर रुमाल दाबून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. ते पाहून मला भडभडून आलं.

"बाबा, जाऊ नका," मी म्हणालो. "चोर सापडेल. मागून टकला आहे. आपल्या गल्लीतला नाही, इथली सगळी डोकी मला पाठ आहेत."

"सगळी?"

"सगळी."

"जावईबापू," सासरे शांतपणे म्हणाले, "पाय दाखवा."

मी खाली पाहिलं. मग माझा हात आपोआप डोक्यामागे गेला. तिथे जे हाताला लागायला हवं होतं ते लागलं नाही, गुळगुळीत काहीतरी लागलं.

बायकोने रुमाल काढला. ती रडत नव्हती. तिला उभंही राहवत नव्हतं, चौकटीला धरून ती खालीच बसली.

"इतकी वर्षं सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही आणखी एक काळजी करत बसला असता," ती कशीबशी म्हणाली.

एवढ्यात सासऱ्यांनी बॅगेच्या मागून माझे बूट काढून समोर ठेवले. "तुमचे घालून तुम्हाला शोधायला निघणार होतो, पण पाय जाईना. हे चादरींच्या मागे काय करत होते?"

मी खाली बसून त्यांचे बूट काढले, रुमालाने पुसले आणि त्यांच्यासमोर जोडीने ठेवले. तेव्हा तो जन्मभराचा फोरमन जो हसायला लागला तो थांबेचना. थांबला तेव्हा डोळे पुसत लेकीला म्हणाला, "ही बॅग आत ने. ह्या घरात एक तरी शुद्धीवरचा माणूस पाहिजे. मी राहतो महिनाभर." मग मात्र बायको खरंच रडली.

तो महिना कधीच उलटला, सासरे इथेच आहेत. बूट त्यांचे आत, कपाटात, चादरींच्या मागे असतात, आणि माझे पायरीवर. त्यांनी माझ्याकडून कॅमेऱ्याचं सगळं शिकून घेतलंय. संध्याकाळी मी फाटक उघडतो, आत टिंग वाजतं, आणि छपराकडून भारदस्त आवाज येतो, "जावईबापू, पाय दाखवा."

मी आधी उजवा वर करतो, मग डावा. मग आतून बायकोचा आवाज येतो, "बाबा, बूट त्यांचेच आहेत, पण टक्कल वाढलंय."