डोळे समोर ठेव, त्रिवेणी!

मुलांनो, अशी एक शाळा मनात आणा, जिला इमारत नाही, घंटा नाही, बाक नाहीत. मुलं आपापल्या घरी, मास्तर भलत्याच गावी, आणि मध्ये फक्त एक फळा. आली डोळ्यांपुढे? आता मुलांच्या जागी प्रोग्रॅमर बसवा, म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगणारी माणसं, आणि मास्तरांच्या जागी कंपन्या. तो मधला फळा म्हणजे माझ्या मुलाचा, प्रशांतचा धंदा! घरून काम करू पाहणाऱ्या प्रोग्रॅमरांना नोकऱ्या दाखवणारी वेबसाइट. हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, देव्हारा आणि फ्रिज यांच्या मधल्या टेबलावर ती चालते.

लांबून मोठी गंमत वाटते. मी ती जवळून पाहिली. एक नोकरी लावली की तासाभरात चारशे अर्ज! त्यातले तीनशे मशीनकडून लिहून घेतलेले, सगळे ‘अत्यंत उत्साही’. उरलेल्यांत एकाच फोटोचे सहा जण. आणि कंपन्या? काही जाहिरात देतात आणि कुणालाच घेत नाहीत. धंदा वाढतोय असं दिसलं म्हणजे झालं! काही ‘घरून काम’ असं ठळक लिहितात आणि तळाशी बारीक अक्षरात ‘रोज ऑफिसला यावे’. प्रशांत सगळ्यांना नम्र पत्रं पाठवतो. उत्तर कुणी देत नाही.

“बाबा, खरा कोण आणि खोटा कोण, तेच कळेनासं झालंय,” तो एकदा म्हणाला.

मी हसलो. जामबागच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस मी!

“आठ दिवस दे मला. खोटं पोर मी पाठमोरंसुद्धा ओळखतो!”

प्रशांत इतका थकला होता की हो म्हणाला.

तेव्हा आबिड्सच्या एकनाथरावांना एक प्रोग्रॅमर हवा होता. दवाखान्यात रांगेचे नंबर दाखवणारे बोर्ड असतात ना, त्यांचे प्रोग्रॅम त्यांची कंपनी बनवते. एकनाथराव तीन पिढ्यांचे हैदराबादी. मराठीत सुरुवात करतात आणि भलत्याच स्टेशनावर उतरतात.

“सर, मला जास्ती काही नको. एकीच आदमी होना, मगर सच्चा होना!”

मी व्हिडिओ कॉलवर तोंडी परीक्षा ठेवली. नियम दोन. पाठ ताठ, डोळे समोर. मदतनीस म्हणून पाचवीतली नात योगिनी शेजारी, कारण आवाज कुठून सुरू करायचा ते तिलाच माहीत.

पहिला आला हिम्मतराव. भांग पाडलेला, हात जोडलेले, “नमस्कार गुरुजी!” अहो, आजकाल गुरुजी कोण म्हणतं! नजर अशी सरळ, जणू पासपोर्टचा फोटो काढायला बसलाय. प्रत्येक उत्तर जरा थांबून, पण घडी घातलेल्या धोतरासारखं नीट!

योगिनी कुजबुजली, “आजोबा, त्यांचे ओठ आधी थांबतात, आवाज नंतर.”

“नेट स्लो असतं, बाळा.”

“आपलं तर नाहीये.”

“शू!”

मग आली बोधनची त्रिवेणी. तिनं अर्जात लिहिलं होतं, ‘आई अंथरुणावर आहे. तिला सोडून बाहेर नोकरीला जाता येत नाही. घरून काम मिळालं तर आम्हा दोघींचं निभेल.’ मी ते बाजूला ठेवलं. माझ्या वर्गात एका मुलाची आजी चार वेळा वारली होती, आणि चौथ्या खेपेला त्याला घरी न्यायला तीच फाटकाशी आली होती! कारणं मला नवी नव्हती.

मी एकनाथरावांच्या कामावर बेतलेला प्रश्न घातला: एक दवाखाना, दोन डॉक्टर, रांग एक, दोन्ही दारांवर नंबरही एकच, बोर्ड कसा चालवशील? तिनं उत्तर सुरू केलं आणि मान डावीकडे वळवली.

“डोळे समोर ठेव, त्रिवेणी!”

“हो सर.” दोन वाक्यं झाली, पुन्हा डावीकडे.

“काय आहे तिकडे?”

“काही नाही सर. एक मिनिट हं...” आणि ती चक्क उठली! परत आली तेव्हा ओला हात ओढणीला पुसत होती. “सॉरी सर. पण तुमच्या प्रश्नातच चूक आहे. एकच नंबर दोन्ही डॉक्टरांच्या दारावर लावला, तर रांग पुढे सरकणारच नाही.”

चूक! माझ्या प्रश्नात! चौतीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती! मी कॉल बंद केला. तिच्या नावापुढे शेऱ्याचा रकाना होता. त्यात मी एकेक अक्षर शोधून लिहिलं, ‘कॉपी करताना आढळली.’

“आजोबा,” योगिनी म्हणाली, “मागच्या कपाटाच्या आरशात पलंग दिसत होता. त्या कुणाला तरी चमच्यानं पाणी पाजत होत्या.”

“तू अभ्यासाला बस.”

हिम्मतराव लागला. मी प्रशांतकडून पेढे मागवले. पंधरा दिवसांनी एकनाथरावांचा फोन आला.

“सर, ये कैसा आदमी भेजे? सोमवारकू दुबला था, बुधवारकू उसकू मूछां आ गए!”

“दमला असेल बिचारा.”

“दमे तो क्या मूछां आते? और कल तो खाली तेलुगूच बोल रा था!”

एका नावावर तिघं पाळ्या लावून बसत होते! आणि त्या तिघांनी मिळून प्रोग्रॅम केला होता माझा प्रश्न होता तसाच, चुकीसकट. एका दवाखान्यात बोर्ड सात नंबरावर अडकला. सकाळपासून माणसं कण्हत सातकडे बघत बसली, आणि सात नंबरचा पेशंट केव्हाच औषध घेऊन घरी गेला होता!

“सर, त्या जागेसाठी दुसरं कोण होतं?” एकनाथरावांनी विचारलं.

मी नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात प्रशांतनं त्रिवेणीचं पान उघडलं.

“बाबा, हा शेरा तुम्ही लिहिलात?”

“हो. आपल्या घरातल्या माहितीसाठी.”

“तो सगळ्या कंपन्यांना दिसतो, बाबा. अकरा जणांनी तिचं पान उघडलं. अकराही जणांनी नाही म्हटलं.”

मी फोनवर गयावया केली, “एकनाथराव, मुलगी खरी आहे. हुशार आहे. मीच चुकलो. तिला घ्या.”

“नक्को सर. अब जिसकू लेंगे, सामने बिठाके लेंगे. घरून काम हे प्रकरण बंद.”

प्रशांतनं शेरा पुसला. अकरा जणांच्या डोक्यातून तो कसा पुसणार?

दुपारी मी त्रिवेणीला पत्र लिहायला बसलो. तीन पानं झाली. पहिल्या पानावर शिक्षणक्षेत्रातला माझा अनुभव, दुसऱ्यावर सध्याच्या काळातली फसवाफसवी. योगिनीचं मराठी वाचन अडखळत चालतं; ती ओळीवर बोट ठेवून वाचू लागली.

“अ-न-व-धा-ना-ने. म्हणजे काय, आजोबा?”

“लक्ष नसताना.”

“पण तुमचं तर लक्ष होतं. सारखं त्यांच्या डोळ्यांकडेच बघत होता तुम्ही.”

मी चष्मा पुसू लागलो.

ती तिसऱ्या पानाच्या तळापर्यंत गेली. तिथे एक वाक्य होतं, ‘चूक माझी होती.’ तिनं माझा फोन घेतला, तेवढंच वाक्य इंग्रजी अक्षरांत टाइप केलं आणि मला न विचारता पाठवून दिलं. मी रागावून फोन हिसकावला. खाली तिनं एक ओळ स्वतःची घातली होती, जी माझ्या तीन पानांत कुठेच नव्हती:

‘तुमची आई कशी आहे?’