सिंधूआत्याची सतरंजी

आमची सिंधूआत्या उपोषणाला जाताना डबा घेऊन जाते. स्वतःसाठी नव्हे, बंदोबस्ताच्या पोलिसासाठी! "उपास माजा हाय, त्या लेकराचा न्हाई," म्हणते आणि त्याला आधी जेवायला लावते. मग तो बिचारा हिला उठवणार कसा?

आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि गावकारभाराच्या हात धुऊन मागे लागली. रस्त्यावरचे दिवे गेले, हिचा अर्ज. नळाला पाणी नाही, ही सरपंचाच्या ओट्यावर सतरंजी टाकून हजर. "हालायची न्हाई म्हंजे न्हाई!" एवढंच तिचं भाषण.

अण्णांचंही एकच वाक्य, "आपल्याला काय करायचंय?" नगरला एमआयडीसीत सगळी नोकरी केली, पण गेटवर घोषणेला कधी तोंड उघडलं नाही. मतदानाची सुट्टी तर ते झोपून काढतात. एकाच घरात ही दोन टोकं, आणि दोघांना वाढणारी मी!

यंदा संध्याकाळची एसटी बंद झाली. कॉलेज सुटल्यावर आम्हा मुलींना गावाकडे आणणारी तीच एक गाडी. शेजारच्या पूजाला तर घरच्यांनी कॉलेज सोडायलाच लावलं. अण्णा जेवता जेवता म्हणाले, "आपल्या पोरीला मी मोटारसायकलवर आणीन. बाकीच्यांचं आपल्याला काय करायचंय?"

आत्याने ताट सारलं. "आन् पूजाला कोन आननार रं?"

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याच्या डेपोसमोर!

कॉलेज सुटल्यावर मी गेले. एवढी मोठी सतरंजी आणि ही एकटी कडेला बसलेली. "आम्ही पाठीशी आहोत" म्हणणारं गाव घरी होतं. तिच्या शेजारी रुमाल पसरलेला. मी तिथं टेकायला गेले तर ओरडली, "तिथं न्हाई! जागा धरलीय."

"कुणासाठी?"

"बाळूसाठी." बाळू म्हणजे अण्णा! "शाळेला जाताना बसला लई गर्दी असायची. हा एवढासा, पर खिडकीतनं रुमाल टाकून माजी जागा धरायचा. कुनाच्या बापाला बसू द्यायचा न्हाई. आता काय झालंय त्याला, कळंना बघ." मला अण्णांचा असा राग आला की बास!

तेवढ्यात अण्णाच आले. गाडी चालूच ठेवून म्हणाले, "चल, बस मागं."

मी आत्याच्या पलीकडे मांडी घातली. "मी एसटीनंच येणार, अण्णा."

"अगं, एसटी बंद आहे!"

"म्हणूनच बसलेय."

"लोक बघतायत. आपल्याला काय..." आणि त्यांना रुमाल दिसला. गाडी बराच वेळ नुसती धडधडत राहिली. मग त्यांनी ती बंद केली.

आत्याने मान वर केली नाही. शेजारचा रुमाल तेवढा उचलला आणि जरा सरकून बसली.