सासऱ्यांची बारीक धार

दिल्लीच्या जानेवारीत सासरे येणार म्हटल्यावर नवा गीझर घ्यायचं ठरलं. बायको, विनया, म्हणाली, "साधा विजेचा घे, उल्हास." पण साधं काही घेईन तर तो मी कसला? (ऑफिसात मी पंखाही मीटिंगशिवाय लावत नाही.) यूट्यूबवर डोळे फोडून मी टाकी नसलेला गॅस गीझर निवडला. नळ सोडला की पेटणार, आणि हवं तेवढं गरम पाणी! लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सासऱ्यांनी अजून माझी पाठ थोपटली नव्हती. आता थोपटतील, अशी आशा होती.

लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरच्या बाल्कनीत मेकॅनिकने गीझर बसवला, नळ पूर्ण सोडून दाखवला. वाफा आल्या. मी टाळ्या वाजवल्या. (एकट्यानेच.)

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब, म्हणजे सासरे, आले आणि आंघोळीला गेले. मी कौतुक ऐकायला दाराशी थांबलो.

"उल्हासराव! बर्फाचं मशीन आणलंत का?"

मी डोळे मिटून आत हात घातला आणि नळ पूर्ण सोडला. बाल्कनीत भप् झालं, पाणी कढत आलं. मी बाहेर येतो न येतो तोच पुन्हा आरोळी! असं चारपाचदा झाल्यावर उलगडा झाला. भाऊसाहेबांचं आयुष्य लातूरकडे, आठवड्याने नळ येणाऱ्या गावात गेलेलं. वाहता नळ दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे होतो आणि धार दोऱ्याएवढी करतो. गीझर बारीक धारेला पेटतच नाही.

"भाऊसाहेब, नळ मोठा ठेवा, तरच तापतं."

"म्हणजे पाणी उधळलं तरच?"

"तसं नाही, पण आधी थोडं गार येतं, आणि बंद केलं की पुन्हा गारच..."

"मग मी गारच घेतो!"

म्हाताऱ्याला न्यूमोनिया झाला असता, तर विनयाने गीझरला आणि मला, दोघांनाही कबाडीवाल्याच्या हवाली केलं असतं. शेवटी मी तोड काढली. नळ पूर्ण सोडायचा, मध्ये बंद करायचा नाही, आणि थेंबन्‌थेंब भरून ठेवायचा.

भाऊसाहेब खूश! आतून "भांडं!" अशी हाक यायची आणि मी पळायचो. आधी गार पाण्याची बादली बाहेर आली, मग गरम पाण्याचे टब, पातेली, कुकर, शेवटी पिठाचा डबा. विनया मनसोक्त न्हाली, स्वेटर धुतले. वरच्या मजल्यावरच्या क्षिप्राभाभी "अरे वाह, बिल्कुल गरम!" म्हणत दोन बादल्या घेऊन गेल्या. घर उबदार झालं होतं, सगळे हसत होते, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं.

मग माझी पाळी आली. नळ म्हणाला, फुस्स. गच्चीवरची टाकी संपली होती, पाणी आता संध्याकाळी. गरम पाण्याचा टिपूस उरला नव्हता. उरली होती ती सुरुवातीची गार बादली.

ऑफिसला उशीर होत होता. मी त्यातलं पातेलंभर पाणी स्वयंपाकघरातल्या गॅसच्या शेगडीवर चढवलं. भाऊसाहेब आले, शेगडीशी हात शेकत उभे राहिले. पातेल्यातून वाफा येताना पाहून त्यांनी, होय, माझी पाठ थोपटली.

"हा तुमचा गॅस गीझर झकास आहे, उल्हासराव. तो बाल्कनीतला परत करून टाका!"