बिनतोट्याचं चिलखत

आमच्या गायकवाड सरांसमोर कुणी म्हणालं, "माझा योद्धा उडतो," तर ते आधी विचारतात, "उतरणार कसा?"

सर भूमच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, मी गणित. रविवारी दुपारी त्यांच्या घरी आमचा खेळ असतो. सर राक्षसांची, शापित किल्ल्यांची गोष्ट सांगतात, आम्ही एकेक पात्र होऊन तिच्यात शिरतो, आणि लढाईचा निकाल फासे लावतात. पात्रांच्या शक्ती आम्ही घरी रचून आणतो. कुणाची शक्ती भारी पडून खेळ नासू नये, हे बघायचं काम सरांचं. म्हणजे घाबरायचं.

माणूसच घाबरट. घरातून निघताना गॅस बघणार, कुलूप ओढणार, परत येऊन गॅस बघणार. एसटीत ड्रायव्हरच्या मागं बसून स्वतःच ब्रेक दाबणार. कॉलेजच्या ऑफिसातल्या सलीमनं हातातून आग काढणारा जादूगार आणला, तर म्हणाले, "लई भारी. पण बाह्या पेटल्या तर?" तेव्हापासून सलीमचा जादूगार उघड्या दंडांनी हिंडतो.

सगळ्यात जास्त कात्री कमलवहिनींच्या शक्तींना. सरांची बायको, पण खेळात राक्षसावर सरळ धावून जाणार. "तोटा काय ते आधी सांग," सर म्हणायचे. "बॅलन्स पाहिजे."

गेल्या वर्षी वहिनींच्या पोटात गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन ठरलं. आदल्या रविवारी खेळ नसणार असं आम्ही धरून चाललो होतो, पण वहिनींनीच फोन करून बोलावलं.

त्या दिवशी सरांनी न मागता वहिनींच्या पात्राला चिलखत दिलं. तलवार लागत नाही, आग लागत नाही, विष चढत नाही.

"अन् तोटा, सर?" सलीमनं हसत विचारलं.

"न्हाय. ह्याला तोटा न्हाय."

सलीमचं हसू तिथंच थांबलं. वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला.

"अहो, असलं घालून मी खेळू कशी?"

"राहू दे ना, कमल."

"भीती मलाबी वाटतीय. पण चिलखत नको. मागं कुणीतरी उभं पाहिजे. तुमीच या की खेळात."

सर कधीच पात्र घेत नसत. गोष्ट सांगणाऱ्याला कुणी मारू शकत नाही, म्हणून असेल. त्या दिवशी त्यांनी ढालकऱ्याचं पात्र घेतलं आणि गोष्ट मी सांगितली. राक्षस आला तेव्हा सर टेबलाखाली एसटीतल्यासारखा ब्रेक दाबत होते. पण त्यांचा ढालकरी वहिनींच्या मागून हलला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सलीम आणि मी सोलापूरला गेलो. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर सर मला म्हणाले, "काहीतरी बोला. काहीबी." मी आमच्या म्हशीबद्दल बोलत राहिलो. ते मान डोलवत होते, नजर दारावर.

शेवटी डॉक्टर आले. गाठ साधीच दिसतीय म्हणाले, भेटून घ्या म्हणाले. सर उठले आणि पुन्हा बसले.

"पाय उचलंना," ते हळूच म्हणाले.

एका बाजूनं सलीमनं, दुसरीकडून मी धरून त्यांना आत नेलं. वहिनींनी अर्धे डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

सरांनी लहान मुलासारखी नकारार्थी मान हलवली, आणि हॉस्पिटलच्या चादरीचं टोक डोळ्यांना लावलं.