श्रवण हे वाचन समजण्यात यावे

अमेरिकेत न्यू जर्सीला राहणाऱ्या एका बाईला आमच्याकडून कारणे दाखवा नोटीस गेली होती. गुन्हा काय, तर महिन्याचं पुस्तक वाचलं नाही. नोटीस काढणारे वारघडे भाऊसाहेब, आणि ती ज्या कॉम्प्युटरवरून गेली तो माझा. बिचारीने घाबरून उत्तर दिलं, मी बाळंत झाले हो, मुलगी झाली. भाऊसाहेबांनी उत्तर दोनदा वाचलं आणि आमच्या वाचक मंडळातर्फे तिला बाळंतपणाची रजा मंजूर केली. तीन महिने पुस्तक वाचायचं नाही, सभासदत्व अबाधित. निदान अभिनंदन तरी लिहा, असं मी म्हटलं, तर म्हणाले की त्यासाठी वेगळा ठराव लागतो. आणि खरोखर, पुढच्या सभेत तो घेतला.

जव्हारला एसटी स्टँडजवळ माझं दुकान होतं. एसटीडीची काचेची केबिन, झेरॉक्सचं मशीन आणि तीन कॉम्प्युटर, त्यातला एक कायम आजारी. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची ही गोष्ट. भाऊसाहेब मोखाड्याच्या पंचायत समितीत वरिष्ठ सहायक. मूळचे पोशेऱ्याचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी नाशिकला दिलेली, ऑफिसमागच्या खोलीवर एकटेच राहायचे. मोखाड्याला तेव्हा इंटरनेटची बोंब होती, म्हणून दर रविवारी सकाळच्या जीपने जव्हारला यायचे. इस्त्रीचा सफारी, बगलेत फाइल, खिशात दोन पेनं. रविवारी कुणी दोन पेनं लावून फिरतं का? पण भाऊसाहेब लावायचे.

मासिक सभेचं इतिवृत्त लिहिण्यात या माणसाची उमर गेली होती. कुठल्याशा मराठी संकेतस्थळावर चार वाचणारी माणसं त्यांना भेटली आणि त्यांनी ई-मेलवर वाचक मंडळ काढलं. मग ते चालणार कसं? पंचायत समितीसारखंच. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला सगळ्यांनी कॉम्प्युटरवर हजर व्हायचं. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब. पुस्तक निवडायला सूचक हवा, अनुमोदक हवा. मधेच वीज गेली की माझं दुकान अंधारात, आणि भाऊसाहेब खिशातलं पेन काढून कागदावर लिहीत बसलेले, की वीज नसल्याने विषय क्रमांक चारवरील चर्चा अपूर्ण राहिली. तिकडे दुबईत आणि बंगळुरूत माणसं लखलखीत उजेडात ताटकळत असायची.

सगळ्यात मोठा नियम पुस्तकाच्या निवडीचा होता. जे पुस्तक जव्हारच्या वाचनालयात नाही, ते महिन्याचं पुस्तक होणार नाही. आता आमच्या वाचनालयात कपाटं दोन, आणि त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली. बंगळुरूचा इंजिनियर वैतागायचा, की भाऊसाहेब, नवीन काहीतरी वाचू या ना. त्यावर भाऊसाहेबांचा उलट सवाल तयार, "जे तालुक्याला मिळतं, ते बंगळुरूला मिळायला काय हरकत आहे?" मग तो इंजिनियर रद्दीवाल्यांच्या दुकानांतून वीस-तीस वर्षांपूर्वीची मराठी पुस्तकं हुडकत फिरायचा. न्यू जर्सीवालीची आई पुण्याहून पापडांबरोबर पुस्तकं पाठवायची.

तुम्ही म्हणाल, अशा माणसाला सहन कोण करत होतं? मलाही तेच कोडं होतं. पण एक लक्षात घ्या, भाऊसाहेबांची घरची बोली वेगळी, डोंगरातली. मराठी ते शाळेत शिकले आणि पुढची सगळी ऑफिसात. त्यामुळे त्यांच्या मनात येणारं मराठीच मुळी शासकीय होतं. चहा आवडला तर म्हणायचे, "चहा समाधानकारक आहे." माझ्या पुतणीच्या लग्नाला आले, तेव्हा नवरा-नवरीला म्हणाले, "आपल्या पुढील वाटचालीस मान्यता आहे." हसून हसून आमची मुरकुंडी वळली, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हेही मी पाहिलं.

मंडळात त्यांना पुरून उरणारी एकच व्यक्ती होती, मिरजेच्या कुंदाताई. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या, भाच्याने दिलेल्या कॉम्प्युटरवर पंच्याहत्तरीत टाइप करायला शिकलेल्या. बाई म्हणजे नुसती मिरची. भाऊसाहेबांनी शेतसाऱ्याच्या इतिहासावरचा एक जाडजूड ग्रंथ सुचवला, तर कुंदाताईंनी उत्तर लिहिलं, "तुमची पत्रं वाचून आधीच पेन्शनचे कागद भरल्यासारखं वाटतं. त्यावर हा ग्रंथ नको. एखादी खुनाची गोष्ट काढा." दुबईच्या हिशेबनिसाने लगेच अनुमोदन दिलं आणि त्या महिन्याला खून झाला. भाऊसाहेबांनी विरोध नोंदवला. पण ती गोष्ट त्यांनी मोखाड्याच्या जीपमध्ये बसल्या बसल्या संपवली, आणि पुढच्या रविवारी आल्या आल्या मला खुनी कोण ते सांगून टाकलं. मी तेव्हा अर्ध्यावर होते.

तेव्हापासून दुकानाची पायरी चढतानाच त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "मिरजेचं काही?" मिरजेचं काही असलं की गृहस्थ खुर्ची ओढून, चष्मा पुसून, ऐसपैस बसायचे. दोघांची भांडणं वाचायला मीही मान लांब करायची. खोटं कशाला बोलू.

आणि मग एकदा मिरजेचं काहीच येईना. एक महिना गेला, दुसरा गेला. कुंदाताई सभेला नाहीत, पुस्तकावर एक ओळ नाही. भाऊसाहेबांचा चहा मधल्या मधे गार व्हायला लागला. मी म्हटलं, फोन करा. ते म्हणाले, "प्रथम लेखी विचारणा करावी लागते." आणि काढली की हो नोटीस. सतत गैरहजर राहिल्याबद्दल आपले नाव मंडळातून कमी का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. मी परोपरीने सांगितलं, म्हातारं माणूस आहे, असं लिहू नका. पण नियम सर्वांना सारखा. काळजीने जीव टांगणीला लागलेला माणूस अशी नोटीस लिहू शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

भाऊसाहेबांच्या प्रत्येक पत्राखाली माझ्या दुकानाचा नंबर असायचा. आठवड्याच्या मधेच एका दुपारी फोन वाजला. मिरजेहून कुंदाताई बोलत होत्या. म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, त्यात साखर वाढलेली, ती खाली आल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करायला तयार नाहीत. नोटीस शेजारच्या सुनेकडून वाचून घेतली. पुस्तकही तिच्याकडून वाचून घेतलं असतं, पण तिला घरची कामं काय कमी आहेत. "तुमच्या भाऊसाहेबांना सांगा, नाव कमी करा," त्या म्हणाल्या. "न वाचता वाचक म्हणवून घेणं मला जमायचं नाही." आवाज ठणठणीत होता.

रविवारी भाऊसाहेबांना सांगितलं. त्यांनी फाइल उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. नोटिशीची प्रत काढून बघत बसले. मग एकदम कागद ओढला आणि ठराव लिहिला. सभासद कुंदाताई यांची दृष्टी पूर्ववत होईपर्यंत त्यांचे बाबतीत श्रवण हे वाचन समजण्यात यावे. सूचक ते स्वतः. अनुमोदक कोण? न्यू जर्सीत झोपायची वेळ झालेली, बाकीचे कुणी कॉम्प्युटरवर नाहीत, आणि भाऊसाहेबांना थांबायला सवड नाही. त्यांनी मलाच उभ्या उभ्या सभासद करून घेतलं आणि माझी सही घेतली. म्हणजे बघा, खुनाच्या गोष्टीपलीकडे न गेलेली मी, दरमहा पुस्तक वाचण्याच्या फेऱ्यात अशी अडकले.

ठराव होताच ते त्या महिन्याचं पुस्तक घेऊन केबिनमध्ये शिरले, मिरजेचा नंबर फिरवला आणि पान एकपासून वाचायला लागले. तेव्हापासून दर रविवारी अकराला हेच. आत उकडायचं म्हणून दार उघडं ठेवायचे, त्यामुळे सगळा स्टँड ऐकायचा. वाचण्याची तऱ्हा काय वर्णावी. नायिका नायकाच्या गळ्यात पडली, हे वाक्य त्यांच्या तोंडून टँकर मंजूर झाल्यासारखं बाहेर यायचं. वावर गावाकडची एक बाई भिवंडीला कामाला गेलेल्या नवऱ्याच्या फोनची वाट बघत नेहमी पायरीवर बसायची. तिने काळजीने मला विचारलं, "ताई, या सायबाची केस चालू हाय का?" मी म्हटलं, हो, मिरजेच्या कोर्टात. रिसीव्हरमधून कुंदाताईंचं हसू बाहेरपर्यंत यायचं. कधी कधी त्या मधेच थांबवून म्हणायच्या, की भाऊसाहेब, इथे ती रडतेय, जरा हळू वाचा. मग हे हळू वाचायचे. आवाज तोच, फक्त वेग कमी.

असे कितीतरी महिने गेले. होळी झाल्यावर एका दुपारी कुंदाताईंचा पुन्हा मला फोन. साखर खाली आली होती, ऑपरेशन होऊनही महिना लोटला होता, आणि आता पेपरातली बारीक अक्षरंसुद्धा बिनघोर वाचता येत होती. मी आनंदाने म्हटलं, भाऊसाहेबांना सांगते. तर बाई एकदम गडबडल्या. म्हणाल्या, "नको गं. दृष्टी पूर्ववत होईपर्यंत, असा ठराव आहे ना त्यांचा? तो नियमाचा माणूस, दुसऱ्या दिवशी बंद करेल. माझ्या घरात आठवड्यातून तेवढाच एक आवाज असतो."

झालं. आता हे गुपित माझ्या पोटात. आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे जव्हारात कुणालाही विचारा. दर रविवारी ओठ शिवून बसायचं म्हणजे शिक्षाच होती. त्यातून भाऊसाहेब मिरजेच्या डोळ्यांची इतक्या आस्थेने चौकशी करायचे, की मी उगाच झेरॉक्सच्या मशीनचं झाकण उघडून आत काहीतरी बघत राहायची.

मे महिन्यातला रविवार होता. एका कादंबरीचा शेवट जवळ आला होता. भाऊसाहेब वाचत होते, आणि मधेच थांबले. पलीकडून कुंदाताई काहीतरी म्हणाल्या होत्या. भाऊसाहेबांनी केबिनमधून माझ्याकडे पाहिलं, फोनवर म्हणाले, "लाइन खराब आहे," आणि रिसीव्हर ठेवून दिला. लाइन उत्तम होती. बाहेर येऊन ते स्टुलावर बसले, रुमालाने मान पुसली. मी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

मग आपणहून बोलले. "पुढच्या दोन पानांत एक म्हातारी घरात एकटीच मरते. शेजाऱ्यांना तिसऱ्या दिवशी कळतं. म्हटलं, त्यांना कशाला ऐकवायचं. म्हणून सोडली. तर म्हणाल्या, भाऊसाहेब, मधली दोन पानं राहिली."

मी घाईने म्हटलं, आधी वाचलं असेल त्यांनी हे पुस्तक. भाऊसाहेबांनी मान हलवली. "पहिलं वाक्य सांगितलं त्यांनी मला, त्या पानावरचं. पुस्तक समोर आहे, ताई. दिसतंय त्यांना."

संपलं, मला वाटलं. आता हे फाइल उघडणार आणि ठराव रद्द करणार. फाइल शेजारीच पडली होती. मी धीर करून विचारलं, मग आता वाचन बंद का?

त्यांनी स्टँडवर लागलेल्या नाशिक गाडीकडे पाहिलं. त्या गाडीने त्यांची मुलगी वर्षातून एकदा यायची. मग बोलले ते इतकं साधं, की हे बोलणं त्यांचंच का, असं मला वाटलं. "शनिवारी ऑफिस सुटलं की मी खोलीवर जातो. सोमवारी ऑफिस उघडतं. मधे मला कुणी हाक मारत नाही. दोन दिवसांत मी जे काही बोलतो, ते इथं या केबिनमध्ये बोलतो. मी कसं बंद करू, ताई?"

मी म्हटलं, जा, लावा फोन, बाई वाट बघत असतील. पायरीवर वावरची ती बाई बसलेली होतीच. तिच्या नवऱ्याचा फोन यायचा होता, पण तीही म्हणाली, बोलू दे सायबाला.

भाऊसाहेब केबिनमध्ये गेले. नंबर फिरवला. "कुंदाताई, लाइन आली," ते म्हणाले. "दोन पानं राहिली होती. मी मुद्दाम सोडली होती. आता वाचतो. पण ती तुम्हाला..." पुढचं त्यांना जुळवता येईना.

पलीकडचा आवाज मला बाहेर स्पष्ट ऐकू आला. "पुस्तक बाजूला ठेवलंय मी, भाऊसाहेब. डोळेही मिटलेत. वाचा तुम्ही."

भाऊसाहेबांनी पान शोधलं, आणि वाचायला लागले.